एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, आर्ग्युमेंट की जेसन?

पायथनच्या स्क्रिप्टमधून नोडचा (म्हणजे ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचा) किंवा गो भाषेतला प्रोग्रॅम चालवायचा आहे आणि सोबत चार-दोन सेटिंग्ज द्यायच्या आहेत. वाटा मुख्यतः तीन: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमसोबत जाणाऱ्या नाव-किंमतीच्या जोड्या), कमांड लाइनवरचे आर्ग्युमेंट (कमांडच्या नावापुढे लिहिलेले शब्द) किंवा स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे प्रोग्रॅम जिथून डेटा वाचतो त्या वाटेने, जेसन (डेटा लिहायची एक ठरावीक पद्धत).

व्हेरिएबल वाचायची सोय जवळपास प्रत्येक भाषेत आयती असते. मध्ये एखादी शेल स्क्रिप्ट (कमांडची फाइल) असली तरी व्हेरिएबल त्यातून निमूट पुढे जातात. पण जातं ते फक्त टेक्स्ट, आणि भाषा बदलली की त्याचा अर्थही बदलतो. "0" ही स्ट्रिंग (म्हणजे टेक्स्ट) अट तपासताना पीएचपीत खोटी ठरते. पायथन, जावास्क्रिप्ट, रुबीत खरी. लिहितानाही प्रत्येकाची तऱ्हा निराळी. पायथनमध्ये व्हॅल्यू म्हणून आकडा दिला तर सरळ टाइपएरर येतो. नोड मात्र काहीही घेऊन त्याची स्ट्रिंग करतो; अनडिफाइन्ड दिलं तर तोच शब्द अक्षरशः पुढे पोचतो. मला पायथनचा खडूसपणा परवडतो.

चाइल्ड प्रोसेस, म्हणजे एका प्रोग्रॅमने (पॅरेंटने) चालवलेला दुसरा प्रोग्रॅम, सुरू करतानाही असाच घोळ. पायथनच्या सबप्रोसेसला किंवा नोडच्या स्पॉनला (दोन्ही प्रोग्रॅम चालवायच्या सोयी) व्हेरिएबलची स्वतःची यादी दिली, की आधीची व्हेरिएबल जातात, पाथसकट (कमांड कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल). गोमध्येही तेच. जावाचा प्रोसेसबिल्डर आधीच्या यादीची प्रत हातात देतो, त्यात भर घालायची. आणि चाइल्डने काहीही बदललं तरी पॅरेंटला ते दिसत नाही. उत्तर हवं असेल तर ते स्टँडर्ड आउटपुटसारख्या (प्रोग्रॅम जिथे छापतो त्या) दुसऱ्या वाटेने घ्यावं लागतं.

आर्ग्युमेंटही टेक्स्टच, पण काय चालवलं ते कमांडमध्येच दिसतं आणि पार्सर (आर्ग्युमेंट वाचून समजून घेणारा कोड) चुकीचा टाइप, म्हणजे आकड्याच्या जागी शब्द वगैरे, दारातच अडवू शकतो. दर वेळी बदलणाऱ्या गोष्टींसाठी हेच बरं. पासवर्ड मात्र चुकूनही नको: साध्या लिनक्सवर पीएस (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या) कमांडने मशीनवरच्या इतर यूजरनाही तो दिसतो. व्हेरिएबल त्या मानाने झाकलेली. ती त्याच यूजरला आणि रूटला (मशीनच्या मुख्य यूजरला) वाचता येतात. तरी पुढच्या प्रत्येक चाइल्डकडे ती जातात, हे विसरू नये. लांबीची मर्यादा दोन्हींना सारखीच, लिनक्सवर एका स्ट्रिंगला साधारण 128 किलोबाइट.

जेसनमध्ये ही मर्यादा नाही, टाइप टिकतात, गुपितं पुढे झिरपत नाहीत. कोड मात्र दोन्ही बाजूंना लिहावा लागतो, आणि पाठवणाऱ्याने पाइप (दोन प्रोग्रॅममधली डेटाची नळी) बंद केला नाही तर शेवटपर्यंत वाचणारा चाइल्ड ताटकळत बसतो. शिवाय जावास्क्रिप्ट 9007199254740991 पेक्षा मोठे पूर्णांक नेमके ठेवेलच असं नाही, म्हणून मोठे आयडी स्ट्रिंग म्हणूनच पाठवावेत.

दोन्ही प्रोग्रॅम तुमचेच असतील आणि डेटा नेस्टेड (एकात एक गुंफलेला) किंवा गुप्त असेल, तर मी जेसन घेईन. लॉग लेव्हल, टाइमझोन असल्या सगळ्यांना लागणाऱ्या छोट्या गोष्टींना व्हेरिएबल पुरतात. त्यात हो-नाही पाठवायचं असेल तर भाषेच्या खरं-खोट्यावर सोडू नका. स्ट्रिंग "1" शी ताडून पाहा आणि बाकी काहीही आलं तर बंद समजा.