चिन ना, शुआई जिआओ आणि ज्यूदो एकत्र: आठ महिन्यांनंतर काय टिकलं, काय गळलं

आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास, चौघं, 40 मिमी जाडीच्या फोम मॅटवर. डिसेंबरच्या थंडीपासून जुलैच्या पावसापर्यंत नागपुरात स्वसंरक्षणासाठी हा सराव चालला. चिनी बाजूने चिन ना (सांधे पकडण्याची विद्या) आणि शुआई जिआओ (चिनी कुस्ती), जपानी बाजूने ज्यूदो आणि जुजुत्सू (ज्यूदो जिच्यातून निघालं ती जुनी विद्या). मत आधीच सांगतो: आधी तोल मोडा, मग पाडा, मनगटाचा पेच सगळ्यात शेवटी. क्रम उलटा लावला की फसतं.

चिन ना मोह पाडते. एका मनगटावर दणकट गडी गुडघ्यावर येतो, कुणाला आवडणार नाही? चिनी लोक ज्याला 'श्याओ छान स' म्हणतात तो पेच ऐकिदो या जपानी कलेतल्या निक्यो नावाच्या मनगटाच्या पेचाशी जवळजवळ सारखाच. समोरच्याने आपलं मनगट धरलं की दुसऱ्या हाताने त्याचा पंजा आपल्या मनगटावरच दाबून धरायचा, म्हणजे त्याला सोडता येत नाही. मग धरलेल्या हाताची करंगळीकडची कड त्याच्या मनगटावर आणून टेकवायची. त्याचा कोपर वाकलेला, करंगळी वरच्या बाजूला. दाब खाली, त्याच्याच बेंबीच्या दिशेने.

मॅटवर दहापैकी दहा वेळा जमतं, कारण जोडीदार हात ढिला ठेवून उभा असतो. त्याला खरोखर ओढायला सांगा. त्याने कोपर सरळ केला की दाब गायब. पंजा आपल्या छातीपासून लांब राहिला तर लढत नुसती हाताच्या ताकदीवर येते. आणि त्याची दुसरी मूठ तर मोकळीच असते. उपाय एकच: पकड बसताक्षणी तिरकं पाऊल टाकून त्याला त्याच्या चवड्यांवर आणायचं. ज्यूदोत याला कुझुशी म्हणतात. तोल सावरणाऱ्या माणसाला ना कोपर ताठ करायला सुचतं, ना ठोसा मारायला.

या पेचाची आवर्तनं एका हाताला दहाच्या वर नेऊ नका. दुसऱ्याच महिन्यात चौघांचीही मनगटं करंगळीच्या बाजूने दुखायला लागली. बोटांचे पेच आम्ही सरावातून काढूनच टाकले. 'थांब' म्हणायला वेळच मिळत नाही.

पाडण्यात ओसोतो गारी सगळ्यात कामाची, आखाड्यातल्या टांगेची सख्खी बहीण. आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाशेजारी, छातीला छाती, त्याचा भार उजव्या टाचेवर, मग आपला उजवा पाय मागून झाडल्यासारखा. कंबर लांब ठेवली तर तोच डाव आपल्यावर उलटतो. फटका मांडीच्या किंवा पोटरीच्या मागच्या बाजूला हवा; गुडघ्यावर बाजूने बसला तर जोडीदार काही महिने घरी. शुआई जिआओत पायांखेरीज दुसरा कुठला भाग जमिनीला टेकला की डाव संपतो, म्हणून पाडणारा उभाच राहतो. रस्त्यासाठी हीच सवय बरी. जमिनीवरचं ज्यूदो निसटून उठण्यापुरतं पुरे.

आता कपडे, कारण इथे पुस्तकी जोड सगळ्यात जास्त उघडी पडते. जानेवारीत जाड जाकीट असतं, तेव्हा बाही-कॉलर धरून ज्यूदो मस्त चालतं. मे महिन्यात बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) गर्दीत अंगावर पातळ टी-शर्ट: धरला की ताणतो, फाटतो, माणूस तिथेच उभा. घामाने मनगटही निसटतं. तेव्हा कापड सोडून काखेखालून हात घालणं, कोपराच्या वर दंड कवटाळणं आणि कंबर धरणं, एवढंच कामाला येतं. एप्रिल ते जून आम्ही ज्यूदोची कुर्ती बाजूला ठेवून फक्त टी-शर्टवर सराव केला. पहिले दोन आठवडे निम्मे डाव बसेनात.

तयार सांगाडा हवा असेल तर कोदोकानचं (ज्यूदोच्या जपानमधल्या मूळ संस्थेचं) गोशिन जुत्सू, म्हणजे स्वसंरक्षणाचा ठरलेला संच, घ्या: 1956 मध्ये ठरलेले 21 डाव, 12 निःशस्त्र हल्ल्यांवर, 9 शस्त्रांवर. पहिले बारा सोनं आहेत. चाकूच्या डावांची परीक्षा स्वस्तात होते. पांढरा टी-शर्ट घाला आणि जोडीदाराच्या हातात मार्कर द्या. पेच बसला तरी हातावर, पोटावर रेघा उमटतात. चाकू दिसला तर पळा.

पडायचं तंत्र, उकेमी, पहिल्या दिवसापासून: हनुवटी छातीला, डोकं मागे आपटू द्यायचं नाही. सिमेंटवर मात्र हात आपटून पडू नका, तिरकी कोलांटी घ्या. दुचाकीवरून घसरणाऱ्या शहरात बाकी सगळ्यापेक्षा हेच आधी उपयोगी पडेल.

कायद्याचं थोडक्यात: भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाची तरतूद कलम 34 ते 44 मध्ये आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा त्यात बसत नाही. तो खाली पडल्यावर पेच आवळत बसलात तर अडचण तुमची.

खर्चात काटकसर करायची तर ज्यूदोची जाड, दुहेरी विणीची कुर्ती घेऊ नका. जुलैत ती दोन दिवस वाळत नाही. एकेरी विणीच्या दोन घ्या.