शंभर घोड्यांचं इंजिन आणि खोट्या पिचचा प्रोपेलर

तीन लाख सोळा हजार नऊशे रुपये. विमानाच्या एका खोट्या प्रोपेलरपायी गेले. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण नातेवाइकांना "थोडंफार नुकसान झालं" असं सांगून कंटाळलोय. जुनी विमानं सांभाळणारे आपल्याकडे आहेतच किती! त्यातला पुढचा कोणी विमानाचे सुटे भाग विकणाऱ्या दलालाच्या साकीनाक्याच्या त्या गाळ्यात जाऊ नये, म्हणून हे लिहिणं.

विमान पुष्पक. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं हे दोन आसनी, कापडी अंगाचं विमान पहिल्यांदा उडालं १९५८ साली. जुहूला आता हेलिकॉप्टरांचं राज्य, त्यामुळे आमचं कसारा घाटापलीकडच्या एका धावपट्टीवर उभं असतं. मूळचं कॉन्टिनेंटल सी-९० इंजिन थकलं, म्हणून त्याच घराण्यातलं ओ-२०० बसवायचं ठरलं. ९० हॉर्सपॉवरच्या जागी १००.

मेख इथेच आहे. दोन्ही इंजिनांची क्षमता सारखीच, साधारण ३.३ लिटर. सी-९० आपली पूर्ण ताकद २४७५ आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्यांना) देतं, ओ-२०० देतं २७५० ला. वाढीव दहा घोडे मिळतात ते फक्त जास्त फिरण्यातून. आणि इंजिन किती फिरू शकेल हे ठरवतो प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो हिशेबाने जितके इंच पुढे जाईल तो आकडा. पिच कमी पडला तर इंजिन मर्यादेबाहेर पळतं. जास्त झाला तर पेडर रोडचा चढ चौथ्या गिअरमध्ये चढवल्यासारखं गुदमरतं. आमच्या एएमई काकांनी (विमान दुरुस्तीचे परवानाधारक इंजिनिअर) हिशेब करून सांगितलं: ६९ इंच व्यास, ४८ पिच.

दलालाकडे नेमका तोच होता. (नेमकं हवं तेच तयार असतं ना, तिथे आधी खिसा धरा.) भिंतीवर १९३२ च्या कराची-मुंबई टपाल उड्डाणाचा फोटो, पस मॉथ विमानाशेजारी जेआरडी टाटा. बोलणं मधाळ. "दादा, तुमच्यासारखी हौशी माणसं राहिली कुठे?" किंमत २,८५,००० रुपये. ५०,००० आगाऊ, १,६०,००० एनईएफटीने, ७५,००० रोख. वर "कस्टमचं राहिलेलं" म्हणून १८,४००, त्याची पावती आजतागायत नाही.

आता तो क्षण, ज्याने अजून रात्री झोप उडते. प्रोपेलरच्या हबवर, म्हणजे मधल्या जाड भागावर, व्यास आणि पिच ठोकलेले असतात. मी बोट फिरवलं. ६९ हा आकडा झिजून गुळगुळीत, कडा गोलसर. ४८ च्या कडा बोटाला टोचत होत्या. आजूबाजूचा रंगही ताजा. मी विचारलंसुद्धा! तो क्षणभरही अडखळला नाही. "ओव्हरहॉलमध्ये पिच बदलला की नवा आकडा ठोकतातच, दादा." आणि हे खरं आहे हो! पाती वाकवून पिच बदलता येतो, आणि तसं केलं की जुना आकडा काढून नवा ठोकतात. खोट्याला खऱ्याची फोडणी दिलेली होती. वर हातात ८१३०-३ टॅग, म्हणजे भाग वापरायोग्य असल्याचा अमेरिकी दाखला, सही-शिक्क्यासह. माझ्या जागी कोणीही असता तरी पैसे दिले असते. फक्त पिच बदलल्याची नोंद प्रोपेलरच्या लॉगबुकात असावी लागते, आणि लॉगबुक "मागून कुरिअरने" येणार होतं.

टेम्पोने माल नेला, ६,५००. चाकांना ठोकळे लावून फुल थ्रॉटल दिला, तर आरपीएम २१९० वर अडकला. काकांनी इंजिन बंद केलं आणि सही करायला साफ नकार दिला. उन्हाळ्याच्या दुपारी, दोन माणसं बसवून त्या प्रोपेलरवर उड्डाण केलं असतं तर धावपट्टी संपली असती आणि आम्हीही. मग वर्कशॉपात ७,००० देऊन पात्याचा कोन मोजून घेतला. ४८ पिचला, मध्यापासून तीन चतुर्थांश अंतरावर, कोन साधारण १६.५ अंश यायला हवा. आला १८.४. म्हणजे ५४ पिच. दोन अंशांचाही फरक नाही, डोळ्यांना काय कपाळ दिसणार? टॅग तर चक्क दुसऱ्याच प्रोपेलरचा. ज्या वर्कशॉपचं नाव त्यावर होतं, त्यांना ईमेल केल्यावर कळलं. हा ईमेल पैसे देण्याआधी करा. फुकट असतो.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "पंखा? सीलिंगचा का?" समजावलं. दुसरा प्रश्न: "मग चालतोय ना फिरतोय ना?" फिरतोय, साहेब, तेच तर दुखणं आहे. मग निर्णय: "वस्तू मिळाली, पैसे तुम्ही स्वतः दिले, हा दिवाणी मामला." खोटा दाखला दाखवून पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? वाचून दाखवलं तर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" सायबरवाल्यांनी सांगितलं, गाळ्यात जाऊन घेतलंत, म्हणजे आमच्याकडे येत नाही. ज्यांचं कामच विमानांच्या सुट्या भागांवर लक्ष ठेवणं आहे, त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली, आणि पुढे विचारलं तर "विक्रेता आमचा परवानाधारक नाही, त्यामुळे कारवाई कशी करणार?" अरे, परवाना नाही म्हणूनच तर तक्रार करतोय! परवाना नसणं हाच बचाव असेल तर परवाने काढायचे कशाला? ठाण्यात दाद न मिळाल्यास वरिष्ठांकडे लेखी आणि तरीही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आता तोच रस्ता धरलाय.

जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम. याचा निघाला मंडप डेकोरेशनचा. लॉगबुक हातात आल्याशिवाय एक रुपया सोडू नका. आणि कोन मोजायचं साधन घेऊन एएमईला बरोबर न्या. विकणारा "आज घाई आहे" म्हणाला तर निघून या.

काल त्याचा नव्या नंबरवरून मेसेज आला: "दादा, माल परत पाठवा, अर्धे पैसे देतो." पाठवणार नाही. ते ठोकलेले ४८ हाच माझ्याकडचा पुरावा आहे. हबचे फोटो, मोजमापाचा दाखला आणि तो टॅग वकिलाकडे दिलेत. ज्यांना त्या गाळ्यातून काही घेतल्याचं आठवत असेल, त्यांनी आपापल्या हबवरचे आकडे आजच बोटाने तपासावेत आणि मला कळवावं. दंडाधिकाऱ्यांपुढे एकट्याच्या अर्जापेक्षा चौघांचे अर्ज बरे.