टेस्टिंगचा कोर्स, बनावट सर्टिफिकेट आणि बुडालेले 64,800 रुपये

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कोर्सचे 35,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 6,300, ‘आयएसटीक्यूबी परीक्षे’चे (टेस्टिंगचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट) 8,500 आणि दोन वर्षांच्या खोट्या ‘एक्सपिरियन्स लेटर’चे 15,000. शेवटचा आकडा लिहिताना लाज वाटते. पण बॅचमधले सगळेच घेत होते, आणि टेस्टिंगमध्ये फ्रेशरला कोण उभं करतं, ते पुण्यात मुलाखती देत फिरलेल्या कुणालाही विचारा.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’चं गाजर सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडा. डोळे उघडायला हवे होते ते परीक्षेच्या दिवशी. क्लासचीच खोली, मोबाइल हातात, गूगल फॉर्मवर 50 ‘चूक की बरोबर’ प्रश्न. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ: 92 टक्के! आयएसटीक्यूबीच्या फाउंडेशन लेव्हलची, म्हणजे पहिल्या पायरीची, खरी परीक्षा 40 बहुपर्यायी प्रश्नांची आणि 60 मिनिटांची असते. परीक्षेची भाषा मातृभाषा नसेल तर 75 मिनिटं मिळतात. 26 बरोबर आले की पास. क्लास लावणं सक्तीचं नाही, सिलॅबस आयएसटीक्यूबीच्या साइटवर फुकट आहे. तो माझ्या मोबाइलमध्ये होता हो, त्याच मोबाइलमध्ये! तरी मी ते 92 टक्के स्टेटसला लावले.

सेलेनियमचीही (वेबसाइट आपोआप तपासायचं टूल) तीच गत. त्याला क्रोम ब्राउझरशी जोडणारा क्रोमड्रायव्हर हाताने उतरवून पाथ कसा द्यायचा, यात दोन रविवार घालवले. 4.6 व्हर्जनपासून त्यातलाच सेलेनियम मॅनेजर ते आपोआप करतो. जुन्या नोट्सवर चाललेला क्लास ओळखायला एवढा एक प्रश्न पुरे.

एक्सपिरियन्स लेटर घेऊ नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले यूएएनची (पीएफच्या कायम नंबरची) सर्व्हिस हिस्टरी मागतात. पीएफच कधी भरला गेला नाही, तर दोन वर्षं दिसणार कुठून? हातातली ऑफर तिथेच गेली.

मग चकरा. 1930 या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, पैसे क्लासमध्ये जाऊन दिलेत, हे सायबर नाही. पोलीस ठाण्यात ‘दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’. दुसऱ्या खेपेला हद्द आमची नाही. तिसऱ्या खेपेला साहेबांनी लेटर वाचलं आणि विचारलं, ‘खोटं पत्र तुम्हीच विकत घेतलंत ना? मग आधी तुमच्यावरच घेऊ का?’ क्लासवाला मात्र त्याच रस्त्यावर नवा बोर्ड लावून बसलाय, तो कुणाच्याच हद्दीत येत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीचा नंबर मिळाला, बाकी काही नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र जा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पावती, यूपीआयचे मेसेज, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. क्लासवाले व्हॉट्सॲप ग्रुप डिलीट करतात.

आणि पैसे देण्याआधी पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाका. महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. माझ्या पावतीवरचा 29 ने, म्हणजे कर्नाटकचा. शोधला तर एका फर्निचरवाल्याचा निघाला.