लॅग घालवण्याच्या नावाखाली गेलेले १८,८५८ रुपये

एकूण १८,८५८ रुपये गेले. आधी १,४९९, मग २,३६० आणि शेवटी एका फटक्यात १४,९९९.

माझे वय ४१ आहे, रोजचे काम संगणकावरच चालते, आणि अनोळखी माणसाला ओटीपी सांगून बसणाऱ्यांना मी आजवर हसत आलो आहे. गेले दोन महिने मात्र रात्री नऊनंतर ऑनलाइन गेम सुरू केला की लॅग यायचा, म्हणजे गेम अडखळायचा: ७० वर असणारा पिंग (माहिती गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) एकाएकी ३०० च्या वर जायचा, धावता धावता माझा खेळाडू दहा पावले मागे फेकला जायचा आणि संघातली पोरे 'काका, झोपा आता' म्हणून खिदळायची. इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राने चार वेळा 'राउटर बंद करून चालू करा' एवढेच सांगितले. अशात गेमच्या चॅटमध्ये एकाने स्वतःहून 'माझा लॅग या माणसाने कायमचा घालवला' असे म्हणून एक नंबर दिला. तो दोघांचा संगनमताचा धंदा असणार, हे आता कळते.

पलीकडचा माणूस प्रत्येक वाक्याला 'सर' म्हणत होता. दूरस्थ नियंत्रणाचे ॲप त्याने माझ्याकडूनच उतरवून घेतले. (अशा ॲपचा नऊ अंकी क्रमांक मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्यावा, त्यापुढचे काहीही ऐकण्याजोगे नसते.) इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतल्या) लाल खुणा दाखवून 'व्हायरस' म्हणणारे, नेटस्टॅटमधले (संगणकाच्या चालू जोडण्यांच्या यादीतले) परके पत्ते दाखवून 'हॅकर' म्हणणारे ठग मला ऐकून माहीत होते, आणि त्यातले काहीही त्याने केले असते तर मी सावध झालो असतो, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. त्याने ट्रेसरूट चालवला. हा आदेश खरा आहे. आपल्याकडून निघालेली माहिती कोणत्या टप्प्यांवरून सर्व्हरपर्यंत जाते, ते त्यात एकाखाली एक दिसते. तिसऱ्या ओळीत तीन चांदण्या आणि 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असे उमटले. तिथे माऊसचा बाण गोल गोल फिरवीत तो म्हणाला, "सर, इथे तुमची लाइन तुटतेय, हा रूटच बदलावा लागेल."

वाटेतले कित्येक राउटर अशा चाचणीला उत्तरच देत नाहीत, त्यामुळे पुढच्या ओळींत आकडे येत असतील तर मधल्या चांदण्यांना काही अर्थ नसतो. पुढच्या सगळ्या ओळींत आकडे होते. त्याहून वाईट म्हणजे पहिली ओळ. तिथे १९२.१६८.१.१, म्हणजे माझ्याच घरातला राउटर होता, आणि त्याच्यापुढे तीन आकडे होते: ४, १८७, ९२ मिलिसेकंद. बारा पावलांवरच्या राउटरपर्यंत जाऊन यायला १८७ मिलिसेकंद! बिघाड घरातच असल्याचे त्या ओळीत स्वच्छ लिहिलेले होते, ती माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी त्याच्या बाणामागे तिसऱ्या ओळीकडे पाहत बसलो. ती खिडकी आठवली की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

'आजीवन गेमिंग रूट'चे १,४९९ मी लगेच भरले. सिंगापूरच्या सर्व्हरवर ८ चा पिंग देतो, असे तो म्हणाला होता. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि मुंबईहूनसुद्धा सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे; म्हणजे नुसते जाऊन यायलाच ३९ मिलिसेकंद हवेत. ८ चा आकडा कोणाचा बापही देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी 'स्टॅटिक आयपी' (न बदलणारा इंटरनेट पत्ता) नोंदणीचे २,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे २,३६० मागितले, आणि खरे सांगायचे तर त्या जीएसटीमुळेच माझा विश्वास बसला. चोर कर कशाला लावील?

लॅग तसाच राहिला, तेव्हा मी चिडून पैसे परत मागितले. त्याने माफी मागितली, माझ्याच पडद्यावर क्यूआर कोड उघडला आणि तो फोनवर स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. १४,९९९ हा केवळ 'परताव्याचा संकेतांक' आहे, असेही वर समजावले. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे मी स्वतः माझ्या वडिलांना शिकवले आहे. पण रात्रीचे साडेअकरा झाले होते, पैसे परत मिळणार या आनंदात मी होतो, आणि कानाशी 'सर, लवकर, सेशन संपेल' हा घोष चालू होता.

त्या रात्रीच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला हवा होता. पहिल्या तासाभरात तक्रार गेली तर पुढच्या खात्यात पैसे अडण्याची शक्यता असते. मी लाजेपायी सकाळपर्यंत कोणाला बोललोच नाही.

सकाळी बँकेने रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक पुढे केले: पिन तुम्हीच टाकलात, निष्काळजीपणा तुमचा, नुकसान तुमचे. त्याच परिपत्रकात तक्रारीनंतर होणारे नुकसान बँकेचे असते, हेही आहे, पण लेखी पोच मागितल्यावर काउंटरवरच्या बाईंनी मला दुसऱ्या खिडकीकडे, तिथल्या गृहस्थांनी ॲपकडे आणि ॲपने पुन्हा शाखेकडे पाठवले. पोलीस ठाण्यात हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "मुलाचा गेम का?" माझाच आहे म्हटल्यावर शेजारच्या टेबलावर हशा पिकला. पैसे दुसऱ्या राज्यातल्या खात्यात गेले आहेत, आमची हद्द नाही, असे सांगून त्यांनी मला बाहेर बसवले. हद्दीचे कारण देऊन गुन्हा नोंदवणे नाकारता येत नाही, हे २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. मी कलम सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, "एवढं वाचता, तर मग फसलात कसे?" तीन फेऱ्या, दोन रजा आणि सव्वीस पानांच्या झेरॉक्सनंतर अर्जावर शिक्का मिळाला. तक्रारीच्या पोर्टलवर आजही 'प्रक्रियेत' एवढाच शब्द दिसतो. यूटीआर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख) क्रमांक आणि पडद्याची छायाचित्रे मात्र आधीच काढून ठेवावीत, नाहीतर तो शिक्काही मिळत नाही.

लॅगचे कारण दहा मिनिटांत सापडले. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता आणि रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी वायफाय त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरपट्ट्यावर गर्दी करत होती. लॅनची केबल थेट संगणकाला जोडली, तेव्हा घरच्या राउटरचा पिंग १ च्या आत स्थिरावला आणि सर्व्हरचा ७० वर. ज्यांना लॅगचा त्रास आहे त्यांनी आधी स्वतःच्या राउटरला पिंग करावे. तिथेच आकडा उड्या मारत असेल तर जगातला कोणताही 'रूट' विकत घेऊन उपयोग नाही.

गेल्या मंगळवारी एका बाईंचा फोन आला. त्या 'सायबर वसुली विभागा'तून बोलत होत्या आणि ९९० रुपये प्रक्रिया शुल्क भरल्यास माझी रक्कम दोन दिवसांत खात्यात येणार होती. किती रक्कम, असे मी विचारले. त्या न अडखळता म्हणाल्या, "अठरा हजार आठशे अठ्ठावन्न, सर."