‘डिस्क मेली’ म्हणाला, ११,५०० रुपये घेतले आणि गावाची कागदपत्रंही ठेवून घेतली

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. लॅपटॉप रोज मोटारसायकलवर, खड्ड्यांतून. जुलैत पीक विम्याची मुदत संपत आलेली, लोक सातबारा अन् पासबुक घेऊन दारात उभे, आणि काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: बूट डिव्हाइस नॉट फाउंड, म्हणजे लॅपटॉपला त्याची हार्ड डिस्कच सापडत नाही. बंद-चालू केलं की कधी विंडोज यायचं, कधी नाही.

परभणीतल्या दुकानदाराला मी हे जसंच्या तसं सांगितलं. कधी डिस्क सापडते, कधी नाही, म्हटल्यावर आधी डिस्कची केबल तपासायची असते. त्याने मागचं झाकण उघडलं, डिस्क कानाला लावली आणि म्हणाला, "मोटर जाम झाली बगा भाऊ. डिस्क मेली. पण टेन्शन घेऊ नका, डेटा काढून देतो."

नवी ५१२ जीबीची एसएसडी (मोटर नसलेली, नव्या पद्धतीची डिस्क) ४,२०० रुपये, डेटा रिकव्हरी ६,५००, विंडोज आणि मजुरी ८००. एकूण ११,५००. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वेगळा लागेल. एका चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. पैसे मी फोन पेवर टाकले.

आता ते आठवलं की डोकं फिरतं. मी चहा पिऊन परत आलो तर माझे सगळे फोल्डर नव्या डिस्कवर हजर! दोनशे जीबीच्या आसपास डेटा, तासाभरात. मोटर जाम झालेली डिस्क फिरतच नाही, तर डेटा येतो कुठून? तसली डिस्क धूळ नसलेल्या लॅबमध्ये उघडावी लागते, चार्जर अन् माऊस विकणाऱ्या काउंटरवर नाही. या वेगाने कॉपी होते ती धडधाकट डिस्क. हे तिथंच, त्याच्या तोंडावर विचारायचं होतं. पण ज्याच्या दारात शेतकरी ताटकळत बसलेत, तो माणूस घड्याळ बघतो, कॉपीचा वेग नाही. "तुला कळलं कसं नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा मुदतीच्या आठवड्यात माझ्या खुर्चीत बसून दाखवावं.

जुनी डिस्क मागितली. "भंगार आहे, काय करता तिचं?" म्हणाला. पुन्हा गेलो तर भंगारवाल्याला दिली म्हणे. त्या डिस्कवर अख्ख्या गावाची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे आहेत! पैशापेक्षा हे जास्त जळतं. जुनी डिस्क मेलेली असो की जिवंत, हातात घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो लावून बघितलं, डिस्क किती तास चालली ते त्यात दिसतं. ‘नवी’ एसएसडी आधीच हजारो तास चाललेली. पैसे देण्याआधी हा आकडा बघा, फुकटचं सॉफ्टवेअर आहे.

पोलीस ठाण्यात गेलो. "पैसे तुम्हीच दिले ना? मग फसवणूक कसली? ग्राहक कोर्टात जा." डिस्कवर लोकांचे आधार आहेत म्हटलं, तर म्हणे गैरवापर झाला की या. म्हणजे कुणाच्या नावावर कर्ज निघेपर्यंत वाट बघायची? अर्ज घेतला, पोच दिली नाही. एका हेल्पलाइनवर सांगितलं की ऑनलाइन फ्रॉड नाही, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी पहिला प्रश्न केला, पक्कं बिल आहे का? बिल देणारा असता तर मी तुमच्या टेबलापुढं कशाला उभा राहिलो असतो? ज्याच्याकडे जावं तो दुसऱ्याचा दरवाजा दाखवतो, आणि दुकानदार तिकडं शटर वर करून पुढचं गिऱ्हाईक बघतो.

लॅपटॉपला डिस्क सापडत नसेल तर आधी बायोस (विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंगची स्क्रीन) उघडून तिथं डिस्कचं नाव येतं का बघा. येत असेल तर बूट ऑर्डर (कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं तो क्रम) किंवा विंडोजची गडबड असू शकते. येत नसेल तर केबल काढून परत बसवायला सांगा. ‘मेली’ म्हणाला तर यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दाखव म्हणा, तुमच्या समोर. जुन्या अन् नव्या, दोन्ही डिस्कच्या लेबलचा, सिरियल नंबरसकट, फोटो काढा. कागदपत्रांची कॉपी पेन ड्राइव्हवर नाही, वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही, दोन वर्षांच्या आत टाकता येते. माझ्याकडे फॉर्म भरलेल्या सगळ्यांना आधारच्या मोबाइल ॲपमधून बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करायला सांगतोय. परभणीत कुणाला अशीच बिलाशिवायची चिठ्ठी मिळाली असेल तर ती फाडू नका, फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. एकट्याच्या तक्रारीपेक्षा चार तक्रारी जड पडतील.