ऑरेंज व्हिप: डाऊनस्विंगमधली घाई घालवणारं साधन

गोल्फमध्ये चेंडू लांब जात नाही म्हणून व्यायामशाळेत जाऊन दंड कमावणारे खूप पाहिले. बहुतेकांच्या अंगात ताकद पुरेशी असते, ती चेंडूपर्यंत पोचत नाही. डाऊनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) वरून खाली येताना, शरीराचा कुठला भाग आधी हलायचा आणि कुठला शेवटी, हा क्रम बिघडलेला असतो. ऑरेंज व्हिप हा क्रम अंगात मुरवतं, आणि तेवढ्या एका कामासाठी मी ते घ्या म्हणून सांगते.

मी दापोलीजवळ कर्द्याला राहते. सगळी नोकरी शाळेत मुलांना खेळ शिकवण्यात झाली. आमच्या ह्यांची बदली विशाखापट्टणमला होती तेव्हा सुट्ट्यांमध्ये तिकडे जायचे आणि तिथेच गोल्फ हातात आला. आता खेळायला म्हणजे सिडकोच्या खारघर व्हॅली कोर्सवर जायचं, आणि महाड, माणगाव, पनवेल असा रस्ता रोज कोण तुडवणार? त्यामुळे घरी सराव कसा करायचा हा माझ्यासाठी खरा प्रश्न होता.

साधन दिसायला साधं आहे. लांब, चांगलाच लवणारा दांडा, खालच्या टोकाला नारिंगी रंगाचा जड गोळा, वर नेहमीसारखी ग्रिप (हाताने धरायची मूठ) आणि ग्रिपच्या वरच्या टोकाला तोल राखणारं छोटं वजन. अमेरिकेतले गोल्फ प्रशिक्षक जिम हॅकेनबर्ग यांनी ते बनवलं. चेंडू मारायचा नाही, नुसतं झुलवायचं. मागे, पुढे, पुन्हा मागे, न थांबता.

नुसतं झुलवून काय होणार, असं वाटेल. पण डाऊनस्विंग वरून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ‘आधी कंबर, मग खांदे, मग हात’ असा विचार करायला वेळच नसतो. म्हणून सूचना ऐकून डाऊनस्विंग सुधारत नाही. शरीराला ती लय आधीच माहीत असावी लागते. इथे दांडा लवतो आणि गोळा मागे रेंगाळतो. तो वर पोचायच्या आधी तुम्ही खांद्यांनी खेचलंत, तर सगळा दांडा थरथरतो आणि तुमचा तोल जातो. चूक त्याच क्षणी हाताला कळते, कुणी सांगावं लागत नाही.

घाई केली नाही की काय होतं, ते लक्ष देऊन पाहण्यासारखं आहे. क्लब अजून मागे जातच असतो, तेवढ्यात वजन डाव्या पायावर यायला लागतं (मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं सांगतेय). डावा गुडघा लक्ष्याच्या दिशेने सरकतो, कंबर उलगडायला लागते आणि पाठ अजून थोडी लक्ष्याकडेच असते. कंबर पुढे, खांदे मागे, असा पोटाला पीळ पडतो. उजवं कोपर आपोआप फासळ्यांजवळ उतरतं. मनगटं वाकलेलीच राहतात. मग डावा पाय जमिनीला रेटा देत सरळ होतो, कंबरेचा वेग मंदावतो आणि तो खांद्यांकडे जातो, खांद्यांकडून हातांकडे, हातांकडून क्लबकडे. चेंडूपाशी येईपर्यंत हातांचा वेग उतरलेला असतो, आणि क्लबहेड, म्हणजे क्लबचं खालचं डोकं, सगळ्यांत वेगात तेव्हाच असतं. नवशिक्यांना हेच पटत नाही. ते शेवटपर्यंत हात जोरात ओढत राहतात आणि मनगटं भलत्याच वेळी सुटतात, म्हणजे वेग चेंडूच्या आधीच खर्च होतो.

आंजर्ल्याच्या खाडीत पाग (फेकून मासे धरायचं गोल जाळं) टाकणारा माणूस एकदा नीट बघा. पाग ओलं, कडेला शिशाच्या गोळ्या, वजन बरंच. तो आधी मागे वळतो, पुढच्या पायावर येतो, कंबर फिरते, आणि हात सगळ्यांत शेवटी सुटतात. त्यात जोर लावल्यासारखं काही दिसत नाही, तरी पाग गोल उघडून लांब पडतं. हात आधी टाकले तर जाळं गुंडाळल्यासारखं पायाशीच पडतं. मी भाच्याला खाडीवर नेऊन हेच दाखवलं होतं. चिपळूणचा आहे, चांगला धिप्पाड, रोज वजनं उचलतो. तो वरूनच खांदे फेकायचा, म्हणजे क्लब बाहेरून आत यायचा आणि प्रत्येक ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) उजवीकडे वळत झाडीत. ऑरेंज व्हिप हातात दिल्यावर पहिल्यांदा दांडा नुसता लडबडला. दोन-चार दिवस झुलवल्यावर त्याने सरावाच्या जाळीकडे तोंड करून चेंडू मारला आणि म्हणाला, “मावशी, मी मारतच नाहीये असं वाटतंय.”

“वाटू दे,” म्हटलं, “आवाज ऐकलास ना?”

आवाजाचं सांगते, कारण अंतराचा अर्धा हिशेब तिथे आहे. क्लबहेडचा वेग ताशी १ मैलाने वाढला तर ड्रायव्हरने (सगळ्यांत लांब मारायच्या क्लबने) साधारण अडीच यार्ड वाढतात. पण चेंडू फेसच्या, म्हणजे क्लबहेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या, मधोमध लागला तरच, आणि ते आवाजावरून कळतं. ड्रायव्हरने अगदी नेमका फटका बसला तर चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या सुमारे दीडपट होतो, त्याच्या पलीकडे फारसा जात नाही. फेसच्या टोकाला लागला तर कष्टाने कमावलेला वेग वाया गेला. ऑरेंज व्हिपने तोल सुधारतो, आणि तोल सुधारला की चेंडू मधोमध लागायला लागतो. माझ्या मते याचा मोठा फायदा वेगापेक्षा इथे आहे.

फरक पडतोय का हे बघायला आमच्या किनाऱ्यासारखी जागा नाही. ओहोटीला कर्द्याची ओली वाळू घट्ट बसते. तिच्यावर लक्ष्याच्या दिशेला आडवी रेघ ओढायची, चेंडू रेघेवर आहे असं समजायचं आणि आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने) नुसता स्विंग करायचा. वाळू कुठून उडाली ते स्वच्छ दिसतं. वजन उजव्या पायावर अडकलं असेल तर खळगा रेघेच्या अलीकडे सुरू होतो. क्रम बरोबर असेल तर रेघेपासून पुढे, लक्ष्याच्या बाजूला. आधी थोडे स्विंग तसेच, मग व्हिप झुलवायचं, मग पुन्हा आयर्न. खळगा पुढे सरकलेला दिसतो. किनाऱ्यावर चेंडू मात्र मारू नका, माणसं फिरत असतात. आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत कासवांचा हंगाम असतो, तेव्हा वरच्या कोरड्या वाळूत जाऊच नका. भरतीच्या रेषेच्या खाली राहायचं. शेवटी खळगे पायाने बुजवायचे.

आता यातून काय मिळत नाही ते. हे जड आहे, त्यामुळे हाताचा कमाल वेग वाढवण्यासाठी ते नाही. त्यासाठी सुपरस्पीडच्या तीन काठ्यांसारखी साधनं आहेत. त्यांतल्या दोन ड्रायव्हरपेक्षा २० आणि १० टक्के हलक्या, तिसरी ५ टक्के जड. तरुण, तयार अंगाच्या खेळाडूने ती जरूर वापरावीत. पन्नाशीनंतर, पाठ कुरकुरत असेल तर आधी व्हिप, तेही हळू. क्लबफेस उघडा राहतो की बंद, म्हणजे कुठल्या बाजूला वळलेला असतो, हेही व्हिप सांगत नाही, कारण गोळ्याला फेसच नाही. ग्रिप चुकीची धरली असेल तर ती तशीच राहील. त्यासाठी प्रशिक्षकाकडेच जायला हवं.

लांबीचा सोस किती करायचा हेही ज्याने त्याने ठरवावं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, ती लांब मारणाऱ्या खेळाडूंमधली नव्हे. तिच्या पटिंगने, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून भोकात घालण्याच्या कसबाने, तिला तिथे नेलं. पण तिचा स्विंग बघा. कुठे हिसका नाही, शेवटी ती डाव्या पायावर स्थिर उभी असते. माझ्या वयाच्या बायकांना मी तिचाच स्विंग बघायला सांगते.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मोठं व्हिप ४७ इंचांचं, म्हणजे ड्रायव्हरपेक्षाही लांब. कौलारू घराच्या पडवीत ते वाशाला लागणारच. पावसाळ्यात चार महिने अंगण चिखलाचं असतं, तेव्हा आत सराव करणार असाल तर छोटं मॉडेल घ्या. अंगण, गच्ची किंवा किनारा हाताशी असेल तर मोठंच घ्या, त्याची लय जास्त मोकळी आहे. आणि आपल्याकडच्या दमट हवेत कुठलीही ग्रिप बुळबुळीत होते. कोमट पाण्यात थोडा साबण घालून पुसायची, सावलीत वाळवायची, आणि किनाऱ्यावरून आल्यावर दांड्यावरची खारी वाळू त्याच दिवशी धुऊन टाकायची.