पक्षांचा हिशेब वाचायचा तर: आयोगाचे संकेतस्थळ आणि कलेक्टर कचेरीतला एक रुपया

राजकीय पक्षाला मिळालेल्या देणग्यांवर, घरभाड्यावर, ठेवींच्या व्याजावर आयकर लागत नाही. १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम १३अ ने ही सवलत दिली आणि तिच्यासोबत अटीही घातल्या. वह्या ठेवायच्या, सीएकडून तपासून घ्यायच्या, विवरणपत्र मुदतीत भरायचे, दोन हजारांवरची देणगी रोखीत घ्यायची नाही आणि वीस हजारांवरच्या देणगीदारांची यादी निवडणूक आयोगाला द्यायची. आयोग हे कागद आपल्या संकेतस्थळावर ठेवतो. गोव्यातल्या मतदाराला ते कितपत उपयोगी पडतात, एवढाच या परीक्षणाचा विषय. आमचे गुण पाचपैकी तीन. कागद बहुतेक मिळतात; कुठल्या कागदात काय शोधायचे, ते मात्र तिथे कोणी सांगत नाही.

कागद तीन आहेत आणि तिघांचे काम वेगळे. नमुना २४अ म्हणजे देणगीदारांची यादी: नाव, पत्ता, पॅन, रक्कम, पैसे कसे आले. एका व्यक्तीने वा कंपनीने वर्षभरात दिलेली रक्कम वीस हजारांच्या वर गेली की नाव या यादीत यायला हवे. दुसरा वार्षिक लेखापरीक्षित हिशेब. त्यात ताळेबंद आणि जमाखर्च असतो, नावे नसतात. तिसरा निवडणूक खर्चाचा तपशील, जो विधानसभा निवडणूक संपल्यापासून ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत द्यावा लागतो. लोक सहसा पहिलाच उघडतात आणि तिथेच फसतात. यादीची बेरीज ताळेबंदातल्या देणग्यांशी जुळत नाही म्हणून लगेच घोटाळा समजू नये. वीस हजारांखालच्या देणग्या, कूपनविक्री, सभासद वर्गणी हे सगळे फक्त ताळेबंदात दिसते. त्या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे पक्षाला नाव न सांगता किती पैसे मिळाले, याचे जवळपासचे उत्तर. खरे तर वाचण्यासारखा आकडा हाच.

निवडणूक रोखे म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव उघड न करता पक्षाला द्यायचे कागद; त्यांच्या वर्षांत हे गणित आणखी बिघडते. २०१७च्या दुरुस्तीने रोखे देणाऱ्यांना २४अ मधून वगळले होते, त्यामुळे रोख्यांची रक्कम ताळेबंदाच्या परिशिष्टात एका ओळीत उरकलेली दिसते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना रद्द केली आणि १४ मार्चला आयोगाने १२ एप्रिल २०१९ पासूनच्या दोन याद्या टाकल्या: एक रोखे विकत घेणाऱ्यांची, दुसरी ते वटवणाऱ्या पक्षांची. वटवणाऱ्यांत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) आणि गोवा फॉरवर्ड ही दोन्ही नावे आहेत. पण या दोन याद्या एकमेकींना जोडणारे रोख्यांचे क्रमांक २१ मार्चच्या फायलींत आहेत. १४ मार्चचीच फाइल घेऊन बसलात तर कोणी कोणाला दिले ते कळणारच नाही.

देणगीदारांच्या यादीत एखाद्या इलेक्टोरल ट्रस्टचे, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या जमवून पक्षांना वाटणाऱ्या संस्थेचे, नाव आले तर त्या ट्रस्टचा अहवाल शेजारी उघडावा. तो आयोगाच्याच संकेतस्थळावर असतो. ट्रस्टला वर्षात जमलेल्या रकमेपैकी ९५ टक्के त्याच वर्षी पक्षांना वाटावी लागते, आणि देणाऱ्या कंपन्यांची नावे अहवालात सापडतात. दहा कंपन्यांनी दिले आणि पाच पक्षांना गेले, तर कोणाचा पैसा कुठे गेला हे मात्र त्यातूनही निघत नाही.

आता गोव्याचा मुद्दा. मगोसारख्या पक्षाचा कारभार इथलाच, म्हणून त्याचा अहवाल गोव्याचाच म्हणून वाचता येतो. राष्ट्रीय पक्षांचे तसे नाही. त्यांच्या शेकडो पानी यादीत गोव्याचे देणगीदार मधेमधे विखुरलेले असतात, राज्यवार गाळणी नाही. गावाच्या नावाने शोधले तर पणजी आणि पंजिम, मडगाव आणि मारगाव, म्हापसा आणि मापुसा अशी प्रत्येकाची दोन-दोन रूपे टाकावी लागतात. आडनावांच्या स्पेलिंगची तर गंमतच आहे. त्यापेक्षा पिनकोड बरा. गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात. शोधात हे तीन आकडे टाकले की पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे पत्ते वर येतात. एखादा चेक क्रमांकही सोबत येतो, तो डोळ्यांनी गाळावा.

हा शोध चालतो तो फायलीत अक्षरे असतील तरच. बऱ्याच फायली म्हणजे कागदाचे स्कॅन, काही तर आडवे चढवलेले. मोबाइलवर वाचायचा नाद सोडा. संगणकावर फाइल उतरवून घ्या, अक्षर-ओळख करणाऱ्या एखाद्या साधनातून काढा आणि आकडे मूळ पानाशी ताडून पाहा, कारण ३ आणि ८ यांत ही साधने हमखास घोटाळा करतात. ३ जुलै २०२३ पासून पक्षांसाठी ऑनलाइन भरण्याची सोय आहे, आयईएमएस. तिथे न भरणाऱ्या पक्षाला लेखी कारण द्यावे लागते. निदान त्यानंतरच्या वर्षांचे कागद आधी तिथे शोधावेत.

गोव्यातल्या निवडणुकीत पक्षाने किती ओतले हे पाहायचे असेल तर तिसरा कागद. तो निवडणुकीनुसार असतो, म्हणून २०२२च्या विधानसभेचा गोव्यापुरता आकडा राष्ट्रीय पक्षांबाबतही मिळतो. स्टार प्रचारकांचा प्रवास, जाहिराती, सभा, उमेदवारांना दिलेली रोकड किंवा चेक, सगळे वेगवेगळे. मात्र पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादाच नाही. विधानसभेसाठी २८ लाखांची आणि लोकसभेसाठी ७५ लाखांची गोव्यातली मर्यादा उमेदवाराची आहे, पक्षाची नव्हे. हे दोन खर्च एकत्र करून कोणी मर्यादा ओलांडली असे लिहिणे चूक.

मुदत चुकली तर काय होते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण काँग्रेसचे. २०१८-१९ आकारणी वर्षाचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०१८ ऐवजी २ फेब्रुवारी २०१९ रोजी भरले गेले, आणि दोन हजारांवरच्या काही देणग्या रोखीत घेतलेल्या आढळल्या. १९९ कोटींच्या उत्पन्नावर मागितलेली करसूट गेली; जुलै २०२५मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणानेही ती नाकारली. म्हणून कुठलाही अहवाल उघडला की आधी आयोगाचा पोच शिक्का आणि तारीख बघावी. आकडे नंतर.

छोट्या, मान्यता नसलेल्या पक्षांचे कागद राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे जातात. आपल्याकडे ते कार्यालय पणजीत आल्तिनोवर आहे. अशा पक्षाला देणगी देऊन आयकरात वजावट घेणार असाल तर दोन गोष्टी आधी पाहा: पक्ष नोंदणीत अजून आहे का, आणि त्याने मागच्या वर्षांचे हिशेब दिले आहेत का. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२५मध्ये मिळून ८०८ पक्षांची नावे यादीतून गेली आहेत. रोख दिलेल्या देणगीवर वजावट मुळातच मिळत नाही, पावती कितीही छापील असो.

राहिली ती कलेक्टर कचेरीतली सेवा, जिला आम्ही पाचपैकी साडेचार देऊ. उमेदवाराचा खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत, येतो. आल्यापासून दोन दिवसांत तिथल्या फलकावर सूचना लावायची असते: कोणाचा हिशेब आला, कधी, कुठे पाहता येईल. निवडणूक नियम ८८ प्रमाणे एक रुपया भरून कोणीही तो पाहू शकतो, वेगळे शुल्क देऊन साक्षांकित प्रतही घेऊ शकतो. त्या मतदारसंघातले मतदार असण्याचीही गरज नाही. फाइल हातात आली की वहीचे तीन रंग लक्षात ठेवा: रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोकड गुलाबी, बँक पिवळी. गुलाबी पानावर पैसे निघाले आणि पांढऱ्यावर ते कशावर गेले ते नाही, अशी तारीख सापडली तर ती टिपून ठेवा. मग आयोगाच्या पथकाच्या छाया निरीक्षण नोंदवहीशी (उमेदवाराच्या खर्चाची पथकाने स्वतः ठेवलेली नोंद) तुलना करणारा जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याचा अहवाल मागा. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि गाड्यांचे भाडे यांत दोन्हीकडचे आकडे सर्वाधिक वेगळे पडण्याची शक्यता असते. अर्धा गुण कापला तो एवढ्यासाठीच, की यासाठी कामाच्या दिवशी कचेरीच्या वेळेत जावे लागते. जाताना सुटा रुपया घेऊन जा.